वाचकांचे प्रश्न: उतारवयातली गाडी

वय 68. सोळा वर्षांची सेडान काढून आता शेवटचीच म्हणून एक गाडी घ्यावी म्हणतो. बायकोचे गुडघे दुखतात. रोज गावात फिरणं, महिन्यातून एकदा कोल्हापूर. उंच गाडी घेऊ का? गिअर ऑटोमॅटिक बरा का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

इंजिन, मायलेज नंतर बघा. आधी वहिनींना घेऊन जा आणि त्यांना डाव्या बाजूच्या सीटवर बसवा. सीट वरखाली करायची सोय बहुतेक गाड्यांत फक्त चालकाला असते, तीही वरच्या व्हेरियंटमध्ये. डावी सीट कंपनीने ठेवलेल्या उंचीवरच राहते. सीटकडे पाठ करून उभं राहिल्यावर तिची कड मांडीच्या वरच्या भागाला लागली पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाला जमिनीपासून साधारण 55 ते 65 सेंटीमीटर सोयीचं पडतं. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. मोठ्या एसयूव्हीत उलट चढावं लागतं. म्हणून या दोन्हींच्या मधली उंची शोधा: वॅगन आरसारखी उभट हॅचबॅक किंवा छोटी एसयूव्ही.

दाराखालची पट्टी रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो, हे शोरूमच्या सपाट फरशीवर कळत नाही. डेमो गाडी घरी मागवा, रोज लावता तिथेच गटारीच्या कडेला लावा आणि दोघांनी पाच-सहा वेळा चढउतार करा. वरची मूठ धरल्याशिवाय उठता येत नसेल तर ती गाडी सोडून द्या. आज जड जातंय ते पाच वर्षांनी सोपं होणार नाही.

ऑटोमॅटिक जरूर घ्या, पण कुठलं ते विचारून. स्वस्त गाड्यांतल्या एएमटीत, म्हणजे साधाच गिअरबॉक्स यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, क्लचचं पेडल नसतं, क्लच मात्र असतोच. तो यंत्र दाबतं. त्यामुळे गिअर बदलताना किंचित झटका बसतो. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावरही गाडी चढावर क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर चढावर गाडी मागे सरकते, आणि ती अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर क्लच जळतो. बऱ्याच एएमटीत ‘पी’, म्हणजे पार्किंगचा गिअरही नसतो, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा लागतो. तुमच्या वापराला हिल होल्डवाली एएमटी पुरेल. चोर्ला, आंबोलीचा घाट वरचेवर होत असेल तर जास्त पैसे मोजून टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे जास्त सुरळीत चालणारे प्रकार घ्या. दोन्ही पेडलं उजव्याच पायाने दाबायची, डावा पाय बाजूला. आयुष्यभर क्लच मारलेल्यांची चूक इथेच होते.

डिझेल नको. बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे सध्याचे नियम) डिझेलच्या धुराड्यातल्या गाळणीत काजळी साठते आणि ती जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. खडेबाजारापर्यंतच्या फेऱ्यांत ते होत नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च निघतो. मान वळत नसेल तर मागचा कॅमेरा हवाच, सनरूफ सोडा.

मुलगा कोल्हापूरला असतो. कर कमी पडतो म्हणून त्याच्या पत्त्यावर एमएच-09 पासिंगची गाडी घेतली तर चालेल का? वापरणार मी, निपाणीत.
– एक वाचक, निपाणी

नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कर्नाटकाचा आजीवन कर भरा, एनओसी आणा आणि महाराष्ट्राच्या परताव्यासाठी मुलाला आरटीओत फिरवा. त्यापेक्षा गाडी स्वतःच्या नावावर घ्या आणि आरसीवर मुलाला नॉमिनी लावा. 2021 पासून तशी सोय आहे. मालकाच्या पश्चात नॉमिनीने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायचा फॉर्म 31 भरायचा. विमाही बदलून घ्यायचा, हे घरात आत्ताच सांगून ठेवा.

अप्पांचं वय 76. लायसन्स संपत आलंय. पावसाळाभर गाडी दारात उभी असते. काय बघायचं?
– एक वाचिका, खानापूर

पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स एका वेळी पाच वर्षांचंच मिळतं. संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. सोबत डॉक्टरांचं तब्येतीचं प्रमाणपत्र, फॉर्म 1ए, लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. आधी मोतीबिंदू तपासून घ्या. समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील तर रात्रीची गाडी आत्ताच बंद करा.

खानापूरच्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली की मागचे ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात. हँडब्रेक न ओढता सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाखाली लाकडी ठोकळा लावून ठेवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास बाहेर काढा. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शाबूत दिसली तरी चारही बदला.