कॅलिफोर्नियासारखा वाहनधुराचा कायदा महाराष्ट्राला करता येईल का?

तसाच कायदा आज करता येणार नाही, पण राज्याच्या हाती काहीच नाही असेही नाही. कॅलिफोर्नियाने २००२ साली मोटारींच्या हरितगृह वायूंवर (हवामान तापवणाऱ्या वायूंवर) मर्यादा घालणारा कायदा केला, कारण अमेरिकेच्या केंद्रीय हवा कायद्यातच त्या राज्याला स्वतंत्र मानके ठरवण्याची खास मुभा आहे. तिलाही केंद्राची मंजुरी लागते आणि ती २००९ साली मिळाली. आपल्याकडे यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत असली, तरी धुराची मानके केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरतात. १ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६ (भारत स्टेज-६) ही धुराची मानके त्यातूनच आली.

वाहनांवरील कर मात्र राज्याचा विषय आहे, म्हणूनच महाराष्ट्र जुन्या वाहनांवर पर्यावरण कर घेतो आणि विजेवरच्या वाहनांना सवलत देतो.

लातूर असो की नांदेड, पीयूसी (वाहनाच्या धुराची तपासणी) केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात आणि डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा पाहतात. हवामान तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. त्यातही आमच्या तालुक्यातल्या एका केंद्रावर नळी न लावताच मला प्रमाणपत्र मिळाले, याचे मनापासून वाईट वाटले. कधी दुष्काळ तर कधी गारपीट सोसणाऱ्या मराठवाड्याला ही ढिलाई परवडणारी नाही. या केंद्रांवर देखरेख राज्याच्या परिवहन विभागाची असते, त्यामुळे असा अनुभव आल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.