नर्सिंग, तुळशीची माळ आणि ॲनाटॉमीचा राहिलेला पेपर

प्रश्न : मॅडम, मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्या घरात आजोबांपासून वारी आहे, मीही माळकरी. आई आशा सेविका आहे. तिच्याबरोबर फिरता फिरताच नर्स व्हायचं मनात आलं. सीईटी देऊन बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं, माउलींनीच वाट दाखवली. पण पहिल्या सत्रात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी पुस्तक डोक्यात शिरत नाही. काका म्हणतात, देवाच्या मनात नाही, सोड ते. तालुक्याला सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स कर, लगेच दवाखान्यात लागशील. त्यात आता न्यूट्रिशनच्या प्रॅक्टिकलला अंड्याचा पदार्थ करायचा आहे. मी हरले आहे का?

उत्तर : आधी काकांच्या कोर्सचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. ती नोंदणी देणारे मूळ अभ्यासक्रम तीन : दोन वर्षांचा एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका), तीन वर्षांचा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) आणि तू करते आहेस तो चार वर्षांचा बी.एस्सी. गाळ्यावर पाटी लावून सहा महिन्यांत 'नर्सिंग' शिकवणाऱ्यांपैकी काही जण प्रामाणिकपणे मदतनीस तयार करतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे स्टाफ नर्सच्या सरकारी भरतीचा अर्जसुद्धा भरता येत नाही. खासगी दवाखान्यात ॲप्रन घालून उभं करतील, सलाईनही लावायला सांगतील, आणि काही बिनसलं की पहिलं बोट तुझ्याकडे. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 35,400 रुपये आहे, केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचं 44,900. काकांना भक्तीचं समजावण्यापेक्षा हे आकडे आधी सांग. घरातल्या मोठ्यांचा विरोध पुष्कळदा देवाच्या नावाने बोलतो, पण त्याच्या मुळाशी फीची आणि मुलीच्या लग्नाची काळजी असते.

आता केटी. तुझ्या पत्राचा सूर असा आहे की जणू सगळं वर्षच बुडालं. तसं झालेलं नाही. 2021 पासून बी.एस्सी. नर्सिंगला आठ सत्रांची पद्धत आहे. एखादा विषय राहिला तरी पुढच्या सत्राचे वर्ग करता येतात. अट मात्र अशी, की पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसण्याआधी मागचं सगळं सुटलेलं हवं. सगळा अभ्यासक्रम पुरा करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात. अर्थात आठ वर्षं घे असं मी म्हणत नाही. पण एका पेपरावरून देवाची इच्छा काय ते ठरवायला निघालीस, तर देवावरही अन्याय होतो आणि पेपरावरही.

श्रद्धेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. नर्सिंग आणि श्रद्धा यांचं नातं जुनं आहे. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उघडलं ते मिशनरी म्हणूनच. परक्या माणसाची लघवी-शी काढायची, परजातीच्या बाळंतिणीला हात लावायचा, या कामाला त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतून मुली मिळत नसत. शिवाशिवीपलीकडे जायला बळ देणारं काहीतरी आत असावं लागे, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत ती श्रद्धा होती. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्याही मागे सत्यशोधक विचाराची निष्ठा होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं उदाहरण मात्र तुला नीट सांगायला हवं. कॉलेजात शपथविधीला दिवा हातात देतात, तेवढ्यात त्या उरकल्या जातात. देवाने आपल्याला सेवेला बोलावलं, असं त्यांना 1837 मध्ये वाटलं. वय सतरासुद्धा पुरं नव्हतं. घरच्यांनी साफ विरोध केला, कारण श्रीमंत घरच्या मुलीने इस्पितळात काम करणं म्हणजे नाचक्की. जर्मनीत कायझर्सवर्थला प्रशिक्षण घ्यायला त्या गेल्या 1851 मध्ये. मधली चौदा वर्षं घरात धुसफूस आणि चोरून अभ्यास, म्हणजे इस्पितळांचे अहवाल मागवायचे, वाचायचे, टिपणं काढायची. पुढे क्रिमियाच्या युद्धात त्यांनी काय केलं? प्रार्थना केलीच असेल. पण त्याबरोबर किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीतून होणाऱ्या रोगांनी, याचे आकडे गोळा केले, नंतर त्यांचे तक्ते काढून सरकारपुढे ठेवले. देवाचे नियम आकड्यांतून समजतात अशी त्यांची धारणा होती. श्रद्धा त्यांना वहीपासून दूर घेऊन गेली नाही, उलट वहीकडेच घेऊन आली.

तुझ्याकडूनही मला तेवढंच हवं आहे. वॉर्डात तुला सांगितलं, पाचशे एमएल सलाईन चार तासांत द्यायचं आणि सेट वीस थेंबांना एक एमएल असा आहे. मनात विठ्ठलाचं नाव असू दे, पण पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस हे करावंच लागतं. मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब. घड्याळ समोर धरून ते मोजताना तू जितकी एकाग्र होशील, तितकी हरिपाठातही झाली नसशील. हे मी कौतुकाने म्हणते आहे.

ॲनाटॉमीकडे येते. हा पेपर एकत्र असतो : पंचाहत्तर गुणांपैकी 37 ॲनाटॉमीचे, 38 फिजिऑलॉजीचे, आणि पंचवीस अंतर्गत. उत्तीर्ण व्हायला निम्मे गुण लागतात. पुष्कळ मुली ॲनाटॉमीची हाडं पाठ करण्यात सत्र घालवतात आणि फिजिऑलॉजी परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर सोडतात. तुझं तसं झालं का, ते तूच तपास. इंग्रजीचं म्हणशील तर अडचण व्याकरणाची नसून शब्दांची आहे, आणि हे शब्द इंग्रजी शाळेतल्या मुलींनाही नवेच असतात. ते तुकड्यांनी फोडायला शिक. शेवटी 'आयटिस' दिसलं की दाह, 'एक्टमी' दिसलं की काहीतरी कापून काढलं. 'हेपॅटो' यकृत, 'नेफ्रो' मूत्रपिंड. असे साठ-सत्तर तुकडे झाले की अर्धं पुस्तक ओळखीचं वाटायला लागतं. धडा समजून मराठीतच घे, समासात मराठीत लिही, त्याची लाज कशाला? पण उत्तर मात्र रोज एक, वेळ लावून, इंग्रजीतच लिहून काढ आणि ट्यूटर मॅडमना दाखव. छोटी वाक्यं, बाजूला नावं दिलेली आकृती. परीक्षकाला तुझी भाषा बघायची नसते, शिरा-धमन्या जागेवर आहेत का ते बघायचं असतं.

आणि जे शिकशील ते अंगावर पडताळून बघ. कमरेत इंजेक्शन देताना नितंबाचे मनाने चार भाग करून वरचा बाहेरचा भागच का घ्यायचा, हे नर्सिंग फाउंडेशनमध्ये 'पद्धत' म्हणून शिकवतात. त्याचं कारण तुझ्या राहिलेल्या पेपरात आहे. सायॅटिक नस बाकीच्या भागाजवळून जाते. सुई तिथे लागली तर माणसाचा पाय कायमचा अधू होऊ शकतो. हे एकदा कळलं की ती नस पाठ करावी लागत नाही.

आता माळ आणि अंडं. गळ्यालगतची माळ युनिफॉर्मच्या आत राहते. जनरल वॉर्डात बहुधा कुणी हरकत घेत नाही, पण लोंबणारी नको. बेशुद्धीतून उठणारा पेशंट हाताला लागेल ते ओढतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मात्र अंगावर काही ठेवायचे नियम कडक असतात, तेव्हा पोस्टिंग लागायच्या आधीच ओटी इन्चार्ज सिस्टरशी बोल. ऐनवेळी दारात वाद घालू नकोस. मनगटाला बांधलेला दोरा, गंडा असेल तर तो काढायचाच, त्यात तडजोड नाही. हात कोपरापर्यंत धुताना ओला दोरा जंतूंचं घर होतो, आणि ते घर तू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतेस.

अंड्याचा पदार्थ तू करावास, असं माझं मत आहे. खायला कुणी सांगत नाही. भाजलेला पेशंट, टीबीचा पेशंट, ऑपरेशनमधून उठलेली बाई यांना प्रथिनं लागतात, आणि अंडं हे त्यांचं स्वस्त साधन आहे. मन फारच कचरत असेल तर मॅडमना आधी सांग, ग्लोव्हज घाल, जोडीदारणीबरोबर कर. पण 'मला जमणार नाही' म्हणून बाजूला उभी राहू नकोस. गंमत अशी की ज्या वॉर्डात तू जाशील तिथे तुझ्यासारखेच माळकरी पेशंट असतील. डॉक्टर राउंडला 'रोज दोन अंडी' सांगून पुढे जातील, आजोबा मान डोलावतील आणि अंडी शेजारच्या खाटेवर देतील. हे इतरांच्या लक्षात यायला आठवडा जाईल, तुझ्या लगेच येईल. मग डाळ, दूध, सोयाबीन, शेंगदाणे यांतून तेवढीच भरपाई कशी करायची, हे आहारतज्ज्ञांना विचारून तू सांगशील. न्यूट्रिशनचं पुस्तक त्यासाठीच आहे.

असंच दुसरं. पेशंट शेवटच्या घटका मोजतो आहे असं दिसलं की नातेवाईक गंगाजळ, तीर्थ घेऊन येतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पळीभर पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. एखादी सिस्टर खेकसते, 'काही घालू नका!' आणि ते लोक जन्मभर ती गोष्ट विसरत नाहीत. त्या पळीचा अर्थ तुला कळतो. इन्चार्ज सिस्टरला विचारून, ओल्या बोळ्याने ओठ भिजवायला तू सांगू शकतेस. मात्र उलट्या बाजूने सांभाळ : पेशंटला नाम घ्यायला सांगणं, अंगारा लावणं, त्याच्या धर्माबद्दल मत देणं हे तुझं काम नाही. त्याने हात धरून 'माझ्यासाठी म्हण' म्हटलं तर गोष्ट वेगळी.

एकादशीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारणार आहेस हे मला माहीत आहे. सकाळच्या ड्युटीला निर्जळी उभी राहून चक्कर आली, तर वॉर्डात एक पेशंट वाढतो. राजगिऱ्याचा लाडू आणि पाण्याची बाटली बरोबर ठेव. हजेरीचाही विचार कर. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के लागते, आणि पदवी हातात पडायच्या आधी क्लिनिकल पोस्टिंग शंभर टक्के भरून काढावी लागते. आषाढीला दिंडीत चालायला सुट्टी टाकण्याऐवजी वाटेवरच्या आरोग्य पथकात कॉलेजमार्फत जाता येतं का, ते विचार. तिथे फोडांचं ड्रेसिंग, ओआरएस आणि बीपी तपासणं यांत दिवस कसा जातो कळत नाही.

या आठवड्यात तीन कामं कर. परीक्षा विभागात जाऊन राहिलेल्या विषयाचा फॉर्म कधी निघतो ते लिहून आण, आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते का ते विचार. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, तेही क्लार्ककडे बघून घे. केटीच्या दुःखात मुली तो अर्ज विसरतात आणि मग फीचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. छायाप्रत मिळाली तर मला कळव, गुण ॲनाटॉमीत गेलेत की फिजिऑलॉजीत. पुढच्या सत्राच्या अभ्यासाचं वेळापत्रक त्यावर ठरेल.