कॅलिफोर्नियात खासगी लॉटमधून गाडी उचलली तर

तुम्ही विचारलंय की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) सनीव्हेलला राहायला येताय, तिथे तुमच्या मित्राची गाडी एका दुकानांच्या लॉटमधून, म्हणजे पार्किंगच्या जागेतून, रात्री उचलून नेली, पाटी कुठे दिसत नव्हती, तरी त्याने काही शे डॉलर मुकाट्याने भरले. तर असं तुमच्या बाबतीत झालं तर काय करायचं, आणि भांडलो तर व्हिसाला काही होईल का? बे एरियात नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या मनात हीच भीती असते आणि तिच्यापायी हक्काचे पैसे सोडून दिले जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पुण्यात गाडी उचलली की ती वाहतूक पोलिसांच्या कारवाईत उचललेली असते. इथे खासगी जागेतून गाडी उचलणारा पोलीस नसतो. जागेचा मालक एका टोइंग कंपनीला सांगतो आणि ती कंपनी गाडी नेते. त्यामुळे हा दंड नव्हे, एका खासगी माणसाने दुसऱ्या खासगी माणसाच्या मालमत्तेला हात लावलेला आहे. तो कधी लावता येतो याच्या अटी कॅलिफोर्निया व्हेईकल कोडच्या कलम २२६५८ मध्ये लिहिलेल्या आहेत. इथे येण्याआधी हे कलम एकदा वाचाच. भाषा किचकट आहे, पण तुमच्या कामाचा भाग फार नाही.

पाटीबद्दल कायदा अगदी मोजूनमापून बोलतो. सार्वजनिक पार्किंगला मनाई आहे आणि गाडी लावणाऱ्याच्या खर्चाने ती हलवली जाईल असं सांगणारी पाटी लॉटच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर, स्पष्ट दिसेल अशी हवी. आकार किमान १७ बाय २२ इंच, अक्षरं किमान एक इंच उंच. तिच्यावर स्थानिक वाहतूक पोलिसांचा फोन नंबर हवा, आणि ज्या टोइंग कंपनीशी मालकाचा कायमचा लेखी करार आहे तिचं नाव आणि नंबरही. ‘प्रत्येक प्रवेशद्वारावर’ हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. एल कॅमिनो रिआल या इथल्या मुख्य रस्त्यावरच्या कित्येक जुन्या लॉटना पुढून एक आणि मागच्या गल्लीतून एक असे दोन रस्ते असतात. पुढे पाटी, मागे काही नाही. मालकाकडे पाटीशिवायचे दुसरे मार्गही आहेत, उदाहरणार्थ गाडीवर उल्लंघनाची नोटीस लावून ९६ तास थांबणं. पण तुम्ही जेवायला गेलात आणि तासाभरात गाडी गेली, तर मालकाची सगळी भिस्त बहुतेक त्या पाटीवरच असते.

दुसरी अट लोकांना माहीतच नसते. बहुतेक वेळा गाडी उचलताना मालकाने किंवा त्याच्या माणसाने तिथे हजर राहून, उल्लंघन स्वतः पाहून, त्या गाडीसाठी लेखी परवानगी द्यावी लागते. टोइंगवाल्याने आपल्या मनाने फेऱ्या मारत गाड्या उचलायच्या, असं चालत नाही. अपवाद आहेत: फायर लेन (अग्निशामक गाड्यांसाठी मोकळी ठेवायची पट्टी), हायड्रंटपासून (आग विझवण्याच्या रस्त्यावरच्या नळापासून) १५ फुटांच्या आत, किंवा ये-जा अडवणारी गाडी. तुम्ही गाडी सोडवायला जाल तेव्हा पैसे घेण्याआधी त्या परवानगीची प्रत तुम्हाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. कंपनीच्या खिडकीपाशी उभं राहून शांतपणे ती मागा. आत्ता नाही म्हणाले तर तसं लिहून घ्या, वेळ टिपून ठेवा.

शिवाय कलम २२९५३ आहे. जी जागा लोकांना मोफत पार्किंगसाठी खुली आहे, तिथून गाडी लावल्यापासून एका तासाच्या आत उचलता येत नाही. यालाही फायर लेन, अपंगांसाठीची जागा वगैरे अपवाद आहेत, आणि राहत्या इमारतींच्या पार्किंगला हा नियम लागू नाही. म्हणून मित्रांच्या अपार्टमेंटमध्ये जाताना एक तास मिळेल या भरवशावर राहू नका. व्हिजिटर पार्किंग कुठे आहे, परमिट लागतं का, रात्री किती वाजल्यापासून लागतं, हे यजमानांनाच विचारा. गणपतीत एका घरी पंधरा गाड्या येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो, आणि यजमानांनी आदल्या दिवशी लीजिंग ऑफिसशी (इमारतीच्या भाडे-कार्यालयाशी) बोलून ठेवलं तर आरतीच्या मध्ये कुणाला खाली पळावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग. गाडी हुकला लागली आहे पण अजून लॉटमध्येच आहे आणि तुम्ही पोचलात, तर ती बिनशर्त तिथेच सोडावी लागते. फार तर नेहमीच्या टोइंग दराच्या अर्ध्यापर्यंत रक्कम मागू शकतात. धावत जा, पण गाडीपुढे आडवे होऊ नका. फोनवर व्हिडिओ सुरू ठेवा.

गाडी गेलेलीच असेल तर पहिला विचार चोरीचा येतो. ९११ या तातडीच्या नंबरला नव्हे, त्या शहराच्या पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरला फोन करा. टोइंग कंपनीने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, तेव्हा गाडी कोणत्या यार्डात, म्हणजे उचललेल्या गाड्या ठेवण्याच्या आवारात, आहे ते तिथे समजतं. यार्ड साधारणपणे दहा मैलांच्या आत असावं लागतं.

आणि यार्डाकडे निघण्याआधी त्याच रात्री लॉटचे फोटो काढा. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. प्रत्येक प्रवेशद्वार, रस्त्यावरून गाडीत बसल्यावर जसं दिसतं तसं. पाटी असेल तर शेजारी मोजपट्टी धरून. झाडाआड असेल, दिवा नसेल, रंग उडाला असेल, तर तेही. आमच्या शेजारच्या नागपूरच्या कुटुंबाची गाडी अशीच गेली होती. मागच्या प्रवेशाला पाटी नव्हती, पुढची कण्हेरीच्या झुडपात होती. ते दोघं लहान बाळाला घेऊन थंडीत तिथे उभे होते, तरी बाईंनी सगळे फोटो काढले. काही दिवसांनी तिथे नवी कोरी पाटी लागली. ते फोटो नसते तर पुढे कोर्टात बोलायला काहीच उरलं नसतं.

यार्डात मात्र पैसे भरा आणि गाडी सोडवा, कारण ठेवण्याचं भाडं दर दिवशी वाढतं आणि गाडी फार काळ पडून राहिली तर विकण्यापर्यंत वेळ येते. पैसे भरणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. कार्ड घेणं त्यांना बंधनकारक आहे, ‘फक्त रोख’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बाबनिहाय बिल मागा. आणल्यापासून २४ तासांच्या आत गाडी सोडवली तर मध्यरात्र उलटली तरी एकाच दिवसाचं भाडं लागतं. गाडीतलं सामान, म्हणजे बाळाची सीट, औषधं, लॅपटॉप, कामकाजाच्या वेळेत विनाशुल्क काढून घेता येतं. पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) कागदपत्रं मात्र गाडीत ठेवूच नका. निघण्याआधी बंपर आणि चाकं नीट बघा आणि ओरखडा असेल तर तिथेच फोटो काढा.

मग परतावा. पाटीची अट पाळली नसेल तर जागेचा मालक टोइंग आणि साठवणुकीच्या खर्चाच्या दुप्पट रकमेला जबाबदार असतो. कंपनीने अवाजवी दर लावला असेल तर ती चौपट रकमेला. इथे बरेच जण रेस्टॉरंटशी किंवा टोइंगवाल्याशी भांडत बसतात आणि जमिनीचा मालक बाजूलाच राहतो. मालक कोण हे काउंटी असेसरच्या (मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून कळतं. मालक एलएलसी, म्हणजे एक प्रकारची कंपनी, असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या नोंदीत तिच्या वतीने समन्स घेणारा एजंट सापडतो. आधी एक साधं, मुद्देसूद पत्र: तारीख, जागा, कलम, फोटो, बिलाची प्रत, पैसे परत करण्याची मुदत. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. माझ्या शेजाऱ्यांचं मिटलं नाही, ते स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, गेले. तिथे सुनावणीला कुणालाच वकील उभा करता येत नाही, व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो आणि फी ३० ते ७५ डॉलर असते. समन्स मात्र स्वतः द्यायचं नाही, दाव्यात नसलेल्या सज्ञान व्यक्तीने द्यायचं. माझ्या शेजाऱ्यांना पैसे मिळाले.

व्हिसाचं: हा दिवाणी दावा आहे आणि तो तुम्ही लावता. तुमच्यावर कसलाही गुन्हा नोंदत नाही. अर्जांत अटक आणि शिक्षा झाली का हे विचारतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. एच-१बी वरचा माणूस इथे कर भरतो आणि कोर्टात उभं राहण्याचा हक्क त्यालाही आहे. ‘परक्या देशात कशाला भानगड’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण असे मालक याच गप्प बसण्यावर जगतात.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं झालं, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे.

आणि तुम्ही सुरुवातीचे काही आठवडे भाड्याची गाडी वापरणार आहात, म्हणून एवढं लक्षात ठेवा: अशी गाडी उचलली गेली तर आधी भाड्याने देणाऱ्या कंपनीला कळवा, कारण नोंदणी त्यांच्या नावावर असते. कराराची प्रत फोनमध्ये ठेवा आणि त्यात ज्याचं नाव चालक म्हणून आहे त्यानेच लायसन्स घेऊन यार्डात जावं. नवराबायको दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं गाडी घेतानाच करारात घाला.