कोरडवाहू कुरणासाठी गवताची निवड

प्रश्न : संकरित नेपियर लावले होते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले आणि निम्मे ठोंब वाळून गेले. ऊन आणि पाण्याचा ताण दोन्ही सोसणारे एखादे गवत सांगा. जनावरे त्यात कधी सोडावीत?

उत्तर : नेपियर वाईट नाही, पण ते ओलिताचे गवत आहे, कापून घालायचे. पाण्याची खात्री असेल तेवढ्याच तुकड्यात ते ठेवा. चराऊ कुरणाला वेगळी गवते लागतात, आणि ती पावसाच्या जोडीने जमीन पाहूनच ठरवावी लागतात.

जमीन हलकी, निचऱ्याची असेल तर अंजन गवत लावा. वर्षाला 300 ते 350 मिलिमीटर पावसावरही ते तग धरते. त्याची मुळे खोल जातात. वरचा पाला वाळला तरी बुडख्यात अन्नसाठा राहतो आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर ते पुन्हा फुटते. पाणी साचणाऱ्या जमिनीत मात्र ते कुजते. भारी काळ्या जमिनीत मारवेल बरे. थोडा खारटपणाही त्याला चालतो. क्षार जास्त असतील तर ऱ्होड्स गवताचा विचार करा. गिनी गवत सावलीत छान येते म्हणून फळबागेत अनेकांना आवडते, पण अंजनाइतका ताण ते सोसत नाही.

एकच गवत सांगा म्हणालात, ते मात्र मी सांगणार नाही. गवतासोबत स्टायलोसारखे शेंगावर्गीय पीक हवेच. उन्हाच्या झळांनी गवत लवकर निबर होते, फुलोऱ्यानंतर त्यातली प्रथिने झपाट्याने उतरतात. चाऱ्यात प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) चारा पचवणाऱ्या जंतूंचे काम मंदावते आणि पुढ्यात वैरण असूनही जनावर कमी खाते. स्टायलो ही तूट भरून काढते, शिवाय हवेतले नत्र जमिनीत आणते.

अंजनाचे यंदा काढलेले बी यंदाच पेरू नका. ताजे बी सुप्तावस्थेत असते, सहा महिने तरी ठेवावे लागते. ते हलके आणि केसाळ असल्यामुळे ओलसर मातीत किंवा वाळूत मिसळून फेका. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. बी उगवले नाही अशी जी तक्रार येते, तिच्या मुळाशी बहुतेकदा खोल पेरणीच असते.

आता चराईचे. पहिल्या हंगामात जनावरे सोडूच नका. बी पडल्यावर वरून कापून घ्या. पुढे कुरणाचे तुकडे पाडून आळीपाळीने चारा आणि 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचे बुडखे राखा. गवत जमिनीलगत खाल्ले गेले की मुळांची वाढही थांबते, आणि आखूड मुळांचे अंजन दुष्काळात नेपियरसारखेच मरते. माझ्या मते वाणाच्या निवडीइतकेच याला महत्त्व आहे. टंचाईत सगळे कुरण खरडून चारण्यापेक्षा काही जनावरे वेळीच कमी करणे किंवा एका तुकड्यात बांधून साठवलेली वैरण घालणे परवडते.

एक सावधगिरी. अंजन हे ज्या भागातले मूळचे नाही तिथे ते पसरते. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात ते रानात शिरले, वाळल्यावर वणव्याला इंधन ठरले. कुरणाला लागून राखीव जंगल असेल तर आधी स्थानिक गवतांचेच बी मिळते का ते पाहा.