'सजीव' साखळी की 'जिवंत' साखळी?

प्रश्न असा आला आहे: 'लिव्हिंग पॉलिमरायझेशन'ला (लहान रेणू जोडून लांब साखळ्या बनवायची पद्धत, जिच्यात साखळीचं टोक पुढे वाढायला तयार राहतं) भाषांतरात 'सजीव बहुवारिकीकरण' लिहिलं, तर संपादकांनी ते खोडलं. मग काय लिहायचं? शिवाय 'रेणुभाराचं वितरण' (कोणत्या रेणुभाराच्या साखळ्या किती आहेत ते) वाचताना कुणीतरी रेणूंना वजन वाटून देतंय असं वाटतं. त्याला दुसरा शब्द आहे का?

संपादकांचं बरोबर आहे. 'सजीव' म्हटलं की वाचक जिवाणू शोधायला लागतो. तो जीवशास्त्राचा शब्द, त्याच्यासमोर 'निर्जीव' उभा असतो. 'जिवंत'च्या समोर असतो 'मेलेला'. आणि मराठीत जिवंत असायला जीव लागतोच असं नाही: जिवंत झरा, जिवंत काडतूस. झरा आटलेला नाही, काडतूस उडायचं बाकी आहे. रसायनशास्त्रज्ञाला नेमकं हेच म्हणायचं असतं.

रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांनी 'लिव्हिंग' हे नाव 1956 साली दिलं. त्यांचा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. सोडियम आणि नॅप्थॅलीनचं हिरवं द्रावण, त्यात स्टायरीन (साखळीची एकेक कडी होणारा लहान रेणू) पडताच ते लालभडक होतं. साखळ्या वाढतात, स्टायरीन संपतं, तरी लाल रंग जात नाही. आणखी स्टायरीन घाला, त्याच साखळ्या पुढे वाढू लागतात आणि द्रावण घट्ट होत जातं. पाण्याचा वा अल्कोहोलचा थेंब पडला की रंग उडतो, साखळ्या मेल्या. (हो, प्रयोगशाळेतही 'मारणं' हेच क्रियापद वापरतात.)

रेणुभारावर ताबा मिळतो तो यातूनच. सगळ्या साखळ्या जवळपास एकदम सुरू होतात आणि मध्येच कुणी मरत नाही, म्हणून त्यांची लांबी जवळपास सारखी भरते. नेहमीच्या मुक्त-मूलक पद्धतीत (साखळीच्या टोकाशी जोडी नसलेला इलेक्ट्रॉन, म्हणजे मूलक, असतो) एक साखळी आत्ता जन्मते आणि बहुधा काही सेकंदांतच मरते, दुसरी तासाभराने सुरू होते. मग लहानमोठ्यांची खिचडी होणारच.

पुढे मूलकांनाही लगाम घालणाऱ्या पद्धती आल्या. त्यांत बहुतेक साखळ्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात, अधूनमधून जाग्या होऊन थोड्या वाढतात. थोड्या मरतातही, म्हणून आयुपॅकने (रसायनशास्त्रातली नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2010 मध्ये त्यांच्यासाठी 'जिवंत' टाळून एक लांबलचक नाव सुचवलं. तिथल्या साखळ्यांना मी 'निद्रिस्त' म्हणेन. भूगोलात जागृत, निद्रिस्त आणि मृत ज्वालामुखी आपण शिकलोच आहोत, नवा शब्द पाडायची गरज नाही.

आता 'वितरण'. खटकतं खरं, पण रुळलेलं आहे. संख्याशास्त्रात त्यासाठी 'वंटन' आहे. तो नेमका आहे, पण सर्वसामान्य वाचक त्याच्यापाशी अडखळेल. मी 'रेणुभार-वितरण' ठेवेन, मात्र एकवचनी 'रेणुभाराचं' नको, 'रेणुभारांचं' लिहा. वाटून देणाऱ्याचा भास त्याने पुष्कळ कमी होतो, कारण रेणुभार अनेक आहेत हे शब्दातच दिसतं.

न विचारलेलं एक सांगतो, कारण त्याच लेखात ते येणारच. 'पॉलिडिस्पर्सिटी'ला 'बहुविखुरण' करू नका. विखुरणं म्हणजे एका जागचं चार दिशांना जाणं, इथे साखळ्या नुसत्या लहानमोठ्या आहेत. 'रेणुभार-विषमता' पुरेल. त्यातलं 'पॉली' आयुपॅकनेही 2009 साली काढून टाकलं: विषमता म्हटल्यावर 'अनेक' आलेच. भारसरासरी रेणुभाराला संख्यासरासरीने भागलं की ही विषमता मिळते. 10,000 आणि 30,000 रेणुभाराच्या दोनच साखळ्या घ्या. संख्यासरासरी 20,000. भारसरासरीत प्रत्येक साखळी तिच्या भाराच्या प्रमाणात मोजली जाते, जड साखळीचं पारडं जड, म्हणून ती 25,000. भागाकार 1.25. श्वार्त्स यांच्यासारख्या प्रयोगात तो 1.1च्या खाली आणता येतो. सगळ्या साखळ्या अगदी सारख्या असतील तर बरोबर 1, आणि तेव्हा विषमता 'शून्य' असं चुकून लिहू नका.