नव्या गवंड्याला, पावसाळ्याआधी

गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे घरं बांधायची तर आधी चिरा, म्हणजे जांभा दगड, ओळखायला शीक. खाणीतून नुकता काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो. ऊन-वारा खाल्ला की घट्ट होतो. म्हणून ट्रक रिकामा झाला की लगेच भिंतीत घालू नकोस. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे खळगे जास्त दिसतील तो बाजूला काढ, गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, चालेल. लावण्याआधी चिरा भिजव, नाहीतर तो सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, असा एकास सहाचा माल पुरे. उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारी वजनाची दोरी, दर थराला लाव. नुसत्या नजरेवर काम करणारे मेस्त मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्या भिंतीही पाहिल्यात. बांधलेल्या भिंतीवर निदान सात दिवस पाणी मार, रविवारीसुद्धा.

जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळजवळ थंडच. एप्रिल-मेची मजुरी हातात आली की पावसाळ्याचं तांदूळ-डाळ आधी भर, मोटरसायकलचा हप्ता मागाहून बघ. बायकोला हिशेब माहीत असू दे, म्हणजे उधारी करायची वेळ सहसा येत नाही.

‘चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घर पुरं कर’ असं प्रत्येक मालक म्हणणार. गिलावा, फरशी कबूल कर. पण चवथीचे दिवस कुणाला देऊ नकोस. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला तू घरी हवास. आणि लांबची साइट घेताना संध्याकाळची शेवटची बस कितीला, ते आधी विचार. दराचं मग बोल.