पिक्सीजच्या 'डूलिटल'चं एवढं कौतुक का? मला तर नुसता आरडाओरडा वाटला

पिक्सीज या अमेरिकन रॉक बँडचा 'डूलिटल' हा अल्बम दोनदा ऐकूनही तुम्हाला आरडाओरड्यापलीकडे काही सापडलं नाही, आणि तरी निर्वाणा या बँडचे चाहते याच अल्बमचं नाव का घेतात, असा तुमचा प्रश्न. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं.

मी तो ऐकला रात्री, घरचे झोपल्यावर, टेबलावरच्या चिमुकल्या स्पीकरवर. त्यातलं 'टेम' हे गाणं लागलं. नुसते ड्रम, बेस आणि पुटपुटणारा गायक. शब्द कळेनात म्हणून आवाज वाढवला, आणि पुढच्याच क्षणी तो असा किंचाळला की आई आतून धावत आली, "अरे, काय झालं? कोण ओरडलं?"

आईची झोपमोड झाली ती त्या पुटपुटण्यामुळे. सुरुवातीपासूनच ओरडत असता तर मी आवाज वाढवला असता का? सतत दणदणाट असला की दोन गाण्यांत कान सरावतो. गायक ब्लॅक फ्रान्सिस आणि बँडमधली मंडळी तो सरावूच देत नाहीत. कडव्यात गिटार जवळजवळ गायब, किम डीलचा बेस एकटा चालत राहतो, आणि ध्रुवपदाला सगळे एकदम अंगावर येतात.

हे बॉस्टनचे. आधीचा अल्बम 'सर्फर रोझा' (१९८८) स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केलेला, खडबडीत. 'डूलिटल'ला (एप्रिल १९८९) निर्माता बदलला, गिल नॉर्टन आला आणि आवाज घासूनपुसून चकचकीत झाला. नॉर्टनला गाणी लांबवायची होती. फ्रान्सिस त्याला रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेला आणि पन्नाशीच्या दशकातला रॉक अँड रोल गायक बडी हॉली याच्या गाजलेल्या गाण्यांची रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. त्यातली बहुतेक गाणी दोन-दोन मिनिटांची! विषय संपला. 'डूलिटल'वर १५ गाणी आहेत, सगळी मिळून ३९ मिनिटंही भरत नाहीत. ('ला ला लव्ह यू' मी दरवेळी पुढे ढकलतो. ड्रमरने गायलेली ती गंमत मला कधीच पचली नाही.)

शब्दांकडेही लक्ष द्या. 'डिबेसर' ऐकताना नाचावंसं वाटतं, पण गाणं आहे दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दाली यांच्या १९२९च्या मूकपटावर, ज्यात वस्तऱ्याने डोळा चिरतात. 'मंकी गॉन टू हेवन'मध्ये समुद्रातली घाण आणि ओझोनचं भोक, आणि मागे चेलो-व्हायोलिन!

अल्बम ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला, मायदेशी अमेरिकेत जेमतेम ९८व्या. पण योग्य कानांपर्यंत पोचला. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेनने १९९४च्या जानेवारीत रोलिंग स्टोन मासिकाला सरळ कबुली दिली की 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे त्यांचं गाणं करताना आपण पिक्सीजची नक्कल करायला बघत होतो. आता ते गाणं लावा: कडव्यात गिटारचे दोनच सूर टपटपतात, खाली बेस आणि ड्रम, मग स्फोट. 'टेम'चीच जातकुळी. रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या 'क्रीप'मध्येही शांत कडवं चालू असताना ध्रुवपदाच्या ऐन तोंडावर गिटारचे दणके बसतात.

पुढे नव्वदच्या दशकात हा साचाच झाला. हळू कडवं, जोरात ध्रुवपद, संपलं गाणं. माझ्या मते नक्कल करणाऱ्यांनी सोपं तेवढं उचललं. जोई सँतियागोची वाकडी गिटार आणि किमचा तो बिनधास्त साधा बेस तिथेच राहिला.

तिसऱ्यांदा ऐकणार असाल तर हेडफोन घाला आणि उलटीकडून, शेवटच्या 'गाउज अवे'पासून सुरू करा. पहिला मिनिटभर गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त बेस ऐका. आणि आवाज कितीही कमी वाटला तरी बटणाला हात लावू नका.